पहिली ओढ कोणी ओढायची

मी, खाली स्वतःच्या हाताने सही करणारी, धंदा कमठे व तीर बनवणे, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र भर दिवसा, माझ्या कारखान्याच्या ओट्यावर बसून लिहवून घेत आहे. कमठा म्हणजे धनुष्य. शहरातले लोक धनुष्य म्हणतात, आम्ही डोंगरातली जुनी जमात कमठा म्हणतो. वस्तीत मला एकडोळी म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण ऐकायला डोळा लागत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काल मला तपासून 'आजींचे डोके ठिकाणावर आहे' असे लेखी दिले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे हे या घरात सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. त्यांची अडचण तीच आहे. मी कोणाच्या धाकात नाही, नशेत नाही, मला कोणी फूस लावलेली नाही. जे देते ते समजून देते, आणि जे देत नाही ते जास्तच समजून देत नाही.

मी जे बोलेन ते, आणि समोर दुसरे कोणी जे बोलेल तेही, जसेच्या तसे लिहावे असे मी दस्तलेखकांना बजावले आहे. ते कचेरीच्या गल्लीत बसतात. त्यांनी दोन-तीनदा 'बाई, असं नसतं' म्हणून पाहिले. शेवटी म्हणाले, "लिहितो. पण नवऱ्याला शिव्या मृत्युपत्रात चालत नाहीत."

"मग काय म्हणायचं?"

"सदर इसम म्हणा."

हे मला आवडले. सबब यापुढे माझा नवरा म्हणजे सदर इसम. तो आत्ता माझ्या उजव्या हाताला खाटेवर पडलेला आहे. त्याची वाचा गेली आहे, कान शाबूत आहेत. त्याने ऐकावे म्हणूनच मी हे काम कचेरीत न करता इथे करते आहे.

कलम पहिले. मिळकत.

राहते घर, त्याला लागून असलेला कारखाना, मागचे बांबूचे बेट, असे सर्व माझ्या एकटीच्या नावावर आहे. पूर्वी ते सदर इसमाच्या नावावर होते. अर्धांगाचा झटका आल्यानंतर त्याने ते डाव्या हाताच्या अंगठ्याने मला बक्षीस दिले. कोणी जबरदस्ती केली नाही. त्याला तहान लागली होती, आणि मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी होते, एवढेच.

दस्तलेखक म्हणाले, "बाई, हे असं लिहिलं तर उद्या कोर्टात वाकडं होईल."

"मग काय लिहायचं?"

"स्वखुशीने."

स्वखुशीने.

कलम दुसरे. हत्यारे.

कोयता, दोन सुऱ्या, बांबू तासायचा आडवा विळा, कमठा वाकवून बसवायचा लाकडी साचा, तीर सरळ करायचा खाचेचा दगड. ही हत्यारे कोणालाही नाहीत. माझ्यामागे ती खाणीच्या डोहात टाकावीत. का, ते सांगते.

कमठा करायला अक्कल लागते असे लोकांना वाटते. लागते, पण त्याआधी धीर लागतो. थंडीत बांबू तोडायचा, तोही जून झालेला, कोवळा नाही. मधोमध चिरायचा. हिरवी साल असते ती पाठ. पाठीला कधी सुरी लावायची नाही, सगळा तास पोटाकडून काढायचा. मग चुलीवर धुरात महिनोन्महिने टांगून ठेवायचा. धुराने बांबू काळा पडतो आणि त्याला कीड लागत नाही. लागली तर बारीक पिठासारखा भुसा पडतो. तो भुसा दिसला की बांबू जाळायचा. हळहळ करायची नाही. पुढे निखाऱ्यावर तेल लावून शेकायचा, साच्यात वाकवायचा, त्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारखे वाकतात का ते बघत थोडे थोडे तासायचे. शेवटी वाखाची पीळदार दोरी चढवायची.

इतके सगळे झाले तरी तो कमठा नसतो. तो कमठा होतो पहिल्या ओढीला. कानापर्यंत पूर्ण ओढायचा. आत कुठे दोष असला तर पहिल्याच ओढीला फुटतो. आणि फुटला की जो ओढतो त्याच्या तोंडाजवळ फुटतो.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझे वय सांगायला मलाच लाज वाटेल इतके कमी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सदर इसमाने माझ्या हातात नवा कमठा दिला. म्हणाला, "ओढ."

मला वाटले, मान देतोय. एवढा मोठा कारागीर, पंचक्रोशीत नाव, आणि नवा कमठा आधी बायकोच्या हातात. मी पदर खोचला आणि ओढला. तो दहा पावले लांब उभा राहून बघत होता. मी विचारले, "तुम्ही इतके लांब का?"

"दोन्ही हात सारखे वाकतात का ते लांबूनच कळतं. लांबून बघायला लागतं."

सासू ओट्यावर बसून तीरांना पिसे बांधत होती. तिच्या जबड्यावर खोल खाच होती, सुरीने तासल्यासारखी. मी तेव्हा ती पाहिली, पण विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. ती मला एवढेच म्हणाली, "तोंड फिरवून ओढू नकोस गं, तिरका ओढला जातो." बाईमाणूस बाईमाणसाला सांगते म्हणून मी ऐकले. सासूला जाऊन खूप वर्षे झाली. तिला मी काही देणे लागत नाही, आणि तिचे जे माझ्याकडे होते ते मी सव्याज भोगले आहे.

असे कितीतरी कमठे मी ओढले. थोरला पोटात असतानाही ओढले. थोरला म्हणजे एकुलता एकच आहे, पण त्या वेळी पुढेही होतील असे वाटायचे.

मग तिरंदाजीच्या मोठ्या सामन्याचा कमठा आला. गेल्या सामन्यात जिंकलेल्या गड्याने सांगून करवून घेतला होता. सदर इसमाला घाई होती. बांबू धुरात पुरता मुरला नव्हता. मी दोरी खेचली तेव्हा आतून आवाज आला. सुकी शेंग हलवल्यासारखा. मी हात सैल केला.

"आवाज येतोय," मी म्हटले.

"कसला आवाज?"

"आतून. काहीतरी आहे आत."

"ओढ म्हटलं की ओढायचं. तुला काय कळतंय?"

ओढला. फुटला. वरचा हात पेरातून तुटला आणि त्याची चीप माझ्या डाव्या डोळ्यात गेली.

पुढचे मी नीट सांगते, दस्तलेखकांनी नीट लिहावे. मी खाली बसले. हातावर गरम काहीतरी वाहत होते. सदर इसम धावत आला. माझ्याकडे नाही. त्याने आधी कमठ्याचे दोन्ही तुकडे उचलले, तुटलेली जागा उन्हाकडे धरून पाहिली आणि म्हणाला, "पेरातून गेला."

त्याचे पहिले शब्द हेच. दुसरे आठवत नाहीत, कारण मला शुद्ध नव्हती.

त्या वेळी तिथे लोहार होता. तीरांची लोखंडी टोके तो करतो, त्या दिवशी टोके द्यायला आला होता. आज साक्षीदार म्हणून बोलावले आहे, समोरच बसला आहे. मी विचारले, "काय हो, तुम्ही काय बघितलं?"

लोहाराने आधी खाटेकडे पाहिले. मग म्हणाला, "तुकड्यातून भुसा सांडत होता वहिनी. मी उस्तादांना म्हटलं, बांबू किडका होता."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, तू टोकं मोज."

"मग?"

"मोजली."

असे लिहा. मोजली.

दवाखान्यात डॉक्टरने विचारले, काय झाले? मी तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन झाले होते. ते कोणी दिले ते पुढच्या कलमात आहे. पट्टी निघाली त्या आठवड्यात सदर इसमाने पुन्हा नवा कमठा माझ्यापुढे धरला. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "दुसरा आहे ना अजून."

तो हसला नव्हता. चेष्टेत म्हणाला असता तर मी कदाचित माफ केले असते. तो हिशोबात म्हणाला.

कलम तिसरे. नणंद.

सदर इसमाची बहीण, माझी नणंद, हिला माझा भिंतीवरचा मोठा आरसा द्यावा. डॉक्टरला 'चूल पेटवताना लाकूड उडालं' असे हिने सांगितले. वर रडून दाखवले. मला घरी आणताना वाटेत म्हणाली, "नशीब समज, चेहरा वाचला." ही बाई तरुणपणी अतिशय देखणी होती आणि तिने ते आयुष्यभर कोणाला विसरू दिले नाही. आता तोंडात एकही दात नाही आणि गाल आत गेले आहेत. आरसा तिच्या खाटेसमोर, ती झोपून उठल्यावर पहिल्यांदा जिथे नजर जाते तिथे, पक्क्या खिळ्यांनी ठोकावा. काढता येऊ नये.

कलम चौथे. शाल आणि मानपत्र.

डोळा गेल्यावर मला एकच चिंता लागली, ती म्हणजे दुसरा डोळा. म्हणून मी शिकले. शिकवले कोणी नाही. सदर इसम दुपारी जेवून झोपायचा, तेव्हा मी नव्या कमठ्यांना कान लावून हळूहळू वाकवायची आणि ऐकायची. जिथे कुरकुर ऐकू येई तिथे पोटाकडून अगदी कागदाएवढा तास काढायचा. बांबूच्या राशीतला कीड लागलेला बांबू मी चुलीत घालायची आणि विचारले तर सांगायची, सरपण संपले होते. यासाठी मार खाल्ला. पण कमठे फुटायचे थांबले.

कमठे फुटायचे थांबले तसे सदर इसमाचे नाव वाढले. लोक लांबून यायला लागले. उस्ताद म्हणायला लागले. त्याला कळले नाही असे नाही. एकदा दुपारी त्याला जाग आली आणि मी त्याच्या जागेवर बसून तासताना त्याने पाहिले. मी सुरी हातात धरून तशीच बसले. त्याने कूस बदलली आणि पुन्हा झोपला. त्या दिवसापासून तो दुपारी जास्त वेळ झोपायला लागला.

पुढे शहरातल्या एका मोठ्या संस्थेने त्याचा सत्कार केला. मलाही नेले होते, मागच्या रांगेत बसवले. बाई फोटोत बरी दिसणार नाही, असे त्यांच्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला. सदर इसम माईकसमोर उभा राहिला आणि दोन्ही तळवे वर करून म्हणाला, "जे काही आहे ते या दोन हातांचं आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ती शाल ऊबदार आहे. माझ्यामागे तिचे चौकोनी तुकडे करावेत आणि सदर इसमाची खाट ओली होते तेव्हा पुसायला वापरावेत. मानपत्राची चौकट चांगल्या लाकडाची आहे, तिचा चुलीला उपयोग होईल. वरच्या ओळी जाळण्याआधी त्याला एकदा मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

कलम पाचवे. सदर इसमाची व्यवस्था.

त्याला झटका आला तेव्हा तो एका पाहुण्याला कमठ्याची गंमत सांगत होता. बोलता बोलता तोंड वाकडे झाले. उजवी बाजू गेली ती कायमची. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवा, सेवा करा.

मी सेवा केली. वस्तीतल्या कोणालाही विचारा. वेळेवर खायला घातले, वेळेवर धुतले, अंगाला एक जखम होऊ दिली नाही. बायका मला येऊन म्हणायच्या, "धन्य आहे तुमची." मी म्हणायची, "आपलंच माणूस."

फक्त खाट मी आतल्या खोलीतून कारखान्यात आणली. माझ्या बैठकीच्या बरोबर समोर. नवा कमठा झाला की मी त्याच्या उशाशी उभी राहते आणि त्याच्या तोंडावर धरून ओढते. कानापर्यंत. त्याला मान वळवता येत नाही. पहिल्या वर्षी तो गळ्यातून आवाज काढायचा. आता नुसते डोळे मिटतो. त्याने ते पुन्हा उघडेपर्यंत मी दोरी धरून ठेवते.

माझा कमठा कधी फुटला नाही. फुटणारही नाही, मी करते. ते मला माहीत आहे. त्याला माहीत नाही, कारण त्याला कमठा ऐकू येत नाही, कधीच येत नव्हता.

दस्तलेखकांनी इथे लेखणी खाली ठेवली आणि पाणी मागितले. सुनेने आणून दिले. मग त्यांनी खाटेकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, त्यांच्या डोळ्यातून पाणी येतंय."

"दोन्ही?" मी विचारले.

"दोन्ही."

"दोन्ही आहेत म्हणून येतंय. लिहा पुढे."

कलम सहावे. मुलगा.

दस्तलेखकांनी आधी 'चिरंजीव' लिहिले होते. मी ते खोडायला लावले. आशीर्वाद नको, नुसते मुलगा लिहा.

मुलगा शहरात गेला, तिथे दुकान टाकले, गिरणीतून आलेल्या पट्ट्यांची धनुष्ये 'जंगलातली अस्सल' म्हणून भिंतीवर टांगायला विकली. ते दुकान बसले. मग दोन वर्षांपूर्वी बायकोला घेऊन परत आला आणि म्हणाला, "आई, आता तुझ्याकडून नीट शिकतो." मला बरे वाटले होते. खोटे का सांगू? बरे वाटले होते. हात चांगला आहे त्याचा. बापापेक्षा चांगला.

मागच्या थंडीत त्याने पहिला कमठा स्वतः केला. मी आत चुलीवर बांबू फिरवत होते. खिडकीतून अंगण दिसते. सून कपडे वाळत घालत होती. त्याने कमठा तिच्यापुढे धरला.

"ओढ जरा."

"माझे हात ओले आहेत. तुम्हीच ओढा की."

"अगं, मला बघायचंय दोन्ही हात सारखे वाकतात का ते. लांबून बघायला लागतं."

मी त्याला हे शिकवले नव्हते. मी त्याला स्वतः ओढायला शिकवले होते, मान कशी खाली घ्यायची, हात कुठे सैल सोडायचा, सगळे. हे त्याने लहानपणी पाहून उचलले. बापाचे बाकी काही त्याच्यात आले नाही, नेमके हे आले.

मी हाक मारेपर्यंत तिने ओढला होता. फुटला नाही. तो हसून म्हणाला, "बघ, काही झालं का?" मग मला खिडकीत पाहिले आणि त्याचे हसणे गेले. मी बाहेर जाऊन कमठा त्याच्या हातातून घेतला. म्हटले, "तुझ्या बापाच्या डोळ्यात एकदा गेलं असतं, तर तू हे शिकला नसतास."

"आई, काय बोलतेस? झालं का काही तिला?"

"नाही झालं. म्हणूनच तुला कळलं नाही."

त्यानंतर मी सुनेला कमठ्याला हात लावू दिला नाही. पण मी किती दिवस पुरणार? म्हणून मी विचार केला आणि पुढील व्यवस्था केली.

कारखान्याच्या भिंतीवर जितके कमठे टांगलेले आहेत ते सर्व माझ्यामागे मुलाचे. सगळे माझ्या हातचे, सगळ्यांना तेल पाजलेले, आरशासारखे. दुसऱ्या कोणाला विकल्यास चांगला मोबदला येईल, पण अट अशी की प्रत्येक कमठा विकण्यापूर्वी मुलाने स्वतः, पंचांसमक्ष, कानापर्यंत ओढावा. त्यातल्या एका कमठ्याला मी अजून पहिली ओढ दिलेली नाही. तो मी किडक्या बांबूचा केला आहे. आयुष्यात एकदाच किडका बांबू हाताने निवडला, आणि जीव ओतून तासला. भोकांत राळ भरली, वरून धूर दिला. माझ्याशिवाय कोणाला ओळखू येणार नाही. कोणता, ते इथे लिहीत नाही.

मुलगा दाराच्या खांबाला टेकून ऐकत होता. हे कलम वाचून दाखवल्यावर तो आधी हसला. मग भिंतीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"आई, चेष्टा करतेस ना?"

मी कागदाकडे बोट दाखवले.

"कोणता गं?"

"ओढून बघ."

कलम सातवे. सून.

राहते घर, कारखाना आणि बांबूचे बेट मी माझ्या सुनेला देते. तिच्या एकटीच्या नावावर. मुलाने तिच्या घरात तिच्या परवानगीने राहावे, तिने निवडलेल्या बांबूचे कमठे स्वतःच्या हत्यारांनी करावेत, आणि प्रत्येक नव्या कमठ्याची पहिली ओढ तिच्यासमोर त्याने ओढावी. ती लांब उभी राहील. लांबून बघायला लागते.

हे वाचून झाल्यावर मी सुनेला जवळ बोलावले. तिचे लग्नाआधीचे काम दवाखान्यात, जखमी माणसांच्या पट्ट्या बदलायचे. बोलणे कमी, हात हलका. गेले वर्षभर सदर इसमाचे धुणेपुसणे निम्मे तीच करते. मी तिच्या कानाशी तोंड नेले. भिंतीवरचा तो एक कमठा कोणता, हे मी फक्त तिलाच सांगणार होते.

ती मागे सरली. "मला सांगू नका आई."

"अगं, तुझ्या कामाला येईल. तुझ्या हातात राहील तो."

"म्हणूनच सांगू नका."

"घर देतेय तुला. एवढी वर्षं मी जे भोगलं त्याचं सगळं तुला देतेय."

"तेच देताय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, ओल्या हाताने पदर सारखा केला. "तुमच्या जागेवर मला बसवताय. तिथं बसून मी त्यांच्याकडे बघत राहणार, आज फुटेल, उद्या फुटेल. आणि तशीच म्हातारी होणार. मला नाही बसायचं तिथं."

"मग काय करणार? माहेरी जाऊन भावजयीची भांडी घासणार?"

"घासेन."

मुलगा तिला म्हणाला, "वेड लागलंय का? घर मिळतंय. ते ओढायबिढायचं आपण बघू नंतर."

तिने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी म्हटले, "तू नको म्हटल्यानं काही होत नाही बाई. माझ्या मनात आलंय, मी देणार. मेलेल्याचं दान परत करायला कोणाकडे जाशील?"

तिने मग दस्तलेखकांना विचारले, "यांनी कागदावर लिहिलं तर मला घ्यावंच लागतं?"

"तसं नाही. पण नाकारायला पुन्हा कचेरी, पुन्हा कागद, तुमचे मालक आहेत, त्यांच्या सह्या..." दस्तलेखक घुटमळले. लोहाराच्या सहीशेजारची जागा रिकामी होती. दुसरा साक्षीदार म्हणून पोस्टमनला बोलावले होते, तो अजून आला नव्हता. दस्तलेखकांनी त्या जागेवर बोट ठेवले, आणि जणू स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले, "साक्षीदाराची गोष्ट वेगळी. मृत्युपत्राला जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. दिलेलं आपोआप बाद होतं. कायदा आहे."

मी म्हटले, "ओ! तुम्हाला लिहायला बोलावलंय की शिकवायला?"

तोवर तिने लेखणी घेतली होती. उभ्या उभ्या वाकून, रेघ सोडून न जाता, तिने सही केली. मी तिचा हात धरायला गेले. माझा हात पोचला नाही. या बाजूने मला दिसत नाही, आणि ती त्याच बाजूला उभी होती.

सबब कलम सातवे बाद समजावे.

कलम आठवे. उरलेले.

दस्तलेखक म्हणाले, "बाई, हा कागद फाडू. उद्या दुसरा साक्षीदार आणा, नवा कागद करू, तिचं नाव पुन्हा घालू." मी नको म्हटले. उद्याही ती अशीच करेल. तिचा चेहरा मी पाहिला आहे, अर्धा का होईना.

लिहा. घर, कारखाना आणि बांबूचे बेट मी सदर इसमाला परत देते. तो हयात असेपर्यंत त्याचे. मुलाने त्याच घरात राहून बापाला स्वतःच्या हाताने भरवावे, धुवावे, कुशीवर वळवावे. कामाला बाई ठेवू नये, आत्याला बोलावू नये, दुसरी बायको आणू नये. बाप मेल्यावर सगळे मुलाचे. त्याआधी एक दिवस जरी तो घर सोडून गेला तर सगळे गावाच्या पंचायतीला. म्हातारा चिवट आहे. मी त्याला चांगले खायला घातले आहे. सहज दहा-पंधरा वर्षे काढेल.

मुलगा म्हणाला, "आई, मी तुझा पोटचा आहे गं."

मी म्हटले, "माहीत आहे. तू पोटात असताना मी किती कमठे ओढले ते तुला नाही माहीत."

तो ओट्याच्या पायरीवर बसला. भिंतीवरच्या कमठ्यांकडे त्याची पाठ होती. मला वाटते यापुढे तो त्यांच्याकडे पाठ करूनच बसेल.

सून आत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मला वाटले होते की ती रडेल, किंवा माझ्या पाया पडेल, किंवा मला शिव्या देईल. तिने ट्रंकेची कडी लावली आणि चुलीवरचे दूध उतू जात होते ते उतरवून ठेवले. मला त्या वेळी जे झाले त्याला काय लिहायचे ते दस्तलेखकांना सुचेना. त्यांनी विचारले, "राग लिहू?"

मी म्हटले, नाही.

"दुःख?"

नाही.

"मग काय लिहू?"

मी म्हटले, एक ओळ मोकळी सोडा.

 

माझ्या प्रेताला मुलाने खांदा देऊ नये. सदर इसमाला तर देताच येणार नाही. लोहार आणि त्याच्या भट्टीवरचे गडी पुरेत. तिरडीला बांबू माझ्याच बेटातले घ्यावेत, जून बघून.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दस्तलेखकांनी करावी. माझ्या हयातीत मी यात बदल करू शकते, पण करणार नाही. वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले. बरोबर आहे. पोस्टमन अखेर आला, पण जागा भरली होती, म्हणून पाणी पिऊन गेला. कलम आठवे मागाहून लिहिले, म्हणून सर्वांनी त्याखाली पुन्हा सह्या केल्या आहेत.

ठिकाण: कारखान्याचा ओटा.
दिनांक: १९ जानेवारी, दुपार.

मृत्युपत्र लिहून ठेवणार: (सही) कमठे करणारी. वस्तीत म्हणतात ती.

साक्षीदार पहिला: (सही) लोहार. समक्ष सही केली.

साक्षीदार दुसरी: (सही) सून. सर्व कलमे शेवटपर्यंत ऐकली. यातून मला काही मिळत नाही हे मला माहीत आहे. संध्याकाळची गाडी आहे म्हणून कलम आठव्याखालची माझी सही आधी घ्यावी अशी विनंती केली होती, ती मान्य झाली. म्हाताऱ्यांचे दुपारचे औषध देऊन झाले आहे, पुन्हा देऊ नये.